गोळ्यांचं पाणी

१४ मार्च १९४७, अंबातोआला

मी सुईण, रोजनिशी लिहिणारी बाई नव्हे. पण आम्ही डोंगरमाथ्यावरची माणसं या जंगलपट्टीत परकी. मी दिसले की गप्पा थांबतात. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिणं भाग आहे. बाकी सगळं छान. प्रसूतिगृह नवं, चुन्याचा वासही गेलेला नाही. मदतनीस साहोंद्रा कामाला चोख. तिचा मुलगा बेझारा लाकूडतोड्या. राजधानीहून आणलेली माझी पेटी उचलताना म्हणाला, "बाई, ताननारिव्हचा डोंगरच भरून आणलात की काय?" मी दटावलं. तो आणखी हसला.

२७ मार्च

कुणी वैदू गावातल्या तरुणांवर मंतरलेलं पाणी शिंपडून गेला. इथल्या राज्यकर्त्या फ्रेंचांनी बंदूक झाडली की "पाणी! पाणी!" ओरडायचं, गोळीचं पाणी होतं म्हणे. मी साहोंद्राला सांगितलं, राजधानीच्या इस्पितळात असताना जखमांतून गोळ्या काढल्यात मी; एकही विरघळलेली नव्हती. ती म्हणाली, तुम्ही शिकलेल्या, तुमच्यापुढे नसतील विरघळत.

३० मार्च

रेल्वेलाईनवरच्या फ्रेंचांच्या छावणीवर आमच्या पोरांनी भाले-कोयते घेऊन हल्ला केला. आमच्या, असं लिहून गेले. खोडत नाही.

दुपारी बेझाराला झोळीतून आणलं. छातीत गोळी, नाडी नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. साहोंद्राने त्याचा सदरा पिळून दाखवला. मेलाय कुठे, भिजलाय नुसता, म्हणाली. आणि त्याला चुलीजवळ सुकायला बसवलं.

२ एप्रिल

ती त्याला पुरू देत नाही. म्हाताऱ्यांनी विनवलं, रेशमात गुंडाळ, पूर्वजांच्या थडग्यात ठेव, नाहीतर पोरगं ना इथलं ना तिथलं. तिने त्यांनाच झापलं. जित्या पोराला कफन घालू?

सदरा बदलला की पुन्हा ओला. मी स्वतः उघडून पाहिलं. जखमेतून पाणी झरतंय. स्वच्छ. अंगाला कसलाही वास नाही.

५ एप्रिल

सैनिक गावं जाळत येताहेत. सगळे जंगलात पळाले. साहोंद्रा मुलाला सोडून हलेना, आणि तिला सोडून मी.

भर दुपारी, साहोंद्राचा डोळा लागलेला असताना, बेझारा माझ्या दारात उभा होता. पायांखाली थारोळं, पाण्याचं. दोन्ही हात पुढे पसरलेले, कापड मागतात तसे. तो हसला नाही.

६ एप्रिल

काल लगेच साहोंद्राला बोलावलं. आधी आनंदली. बघा, जिता आहे! मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याने आईला ओळखलं नाही. तेव्हा कुठे ती रडली, आतड्यापासून. रडता रडता विचारलं, बाई, कापड असेल का हो?

माझ्या मरणासाठी जपलेलं रेशमी कफन होतं. दिलं. दोघींनी मिळून गुंडाळला त्याला. पाणी थांबलं. थडग्यात ठेवून आलो.

७ एप्रिल

अंगणात बाकीचे. लाईनवर पडलेले, ज्यांना आणायला कुणी गेलंच नाही. ओलेचिंब. हात पुढे — किती हात —

साहोंद्रा प्रत्येकाला विचारतेय, बाळा, तू कुणाचा? कुणी सांगत नाही.

८ एप्रिल

दिलं: चादरी, सगळ्या. पडदे. टेबलावरचं कापड. साहोंद्राची शाल. बाळांची दुपटी — रांगेत आता लहानही आहेत, गावं जळाली तिथले —

माझे कपडे, पेटीतले. अंगावरची ही शाल त्या तान्ह्या पोरीला, दाराशी आहे ती, तिला अजून नावही —