अविनोच्या नावानं पुरलेलं फळ

३ फेब्रुवारी

आले एकदाची. होमा बे शहराहून गाडीत दोन कोंबड्या, एक शिलाई मशीन आणि एक पाद्री यांच्यामध्ये चेपून आले, तरी मन नुसतं उड्या मारत होतं. माशी-संशोधन केंद्राची गाडी न्यायला येणार होती, पण संचालक डॉ. ओयुगींनी फोनवर सांगितलं की गाडीला बरं नाहीये. अगदी घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. आठ वर्षं परदेशातल्या थंडीत काढल्यावर लांब्वे खोऱ्यातलं ऊन अंगावर आलं आणि वाटलं, आता इथून हलायचं नाही.

राहायला दोन खोल्या, वर पत्रा, दारात आंबा. माशीघराची प्रमुख सिप्रोज बाहेरच उभी होती. एकोणीस वर्षांपूर्वी बाटल्या धुवायला आली आणि आता तिच्याशिवाय इथलं पान हलत नाही. तिनं आधी माझे बूट पाहिले, मग मला पाहिलं. म्हणाली, हे बूट इथं आठवडाभर टिकले तर डॉक्टरबाई, मी तुम्हाला मासा जेवायला घालीन. मग आठवड्याची वाट न बघता आजच घातला. मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा एवढा मोठा होता की अर्धा मी गुपचूप रुमालात गुंडाळला.

५ फेब्रुवारी

माशीघर पाहिलं. झोपेचा आजार पसरवणाऱ्या चार हजार त्सेत्से माश्या, जाळीच्या पिंजऱ्यांत. रोज सकाळी पातळ रबरी पडद्याखाली गाईचं कोमट रक्त ओतायचं, वर पिंजरे ठेवायचे. पाच मिनिटांत सगळ्यांची पोटं लाल. ही माशी एका वेळी एकच पिल्लू पोटात वाढवते, त्याला आतल्या आत दूध पाजते. सिप्रोज त्यांना सुना म्हणते. एखादी रक्त प्यायली नाही तर तिचं काय बिनसलंय याची चौकशी चालते.

व्हरांड्यात सगळ्यांचे फोटो लावलेत आणि प्रत्येकाखाली, हा माणूस विज्ञानाकडे कसा वळला त्याची हकीकत. डॉ. ओयुगी पाद्री व्हायला निघाले होते, मठाच्या बागेतल्या मुंग्यांनी त्यांना वाट चुकवली. माझाही फोटो ‘डॉ. अलुओच’ नावानं आधीच टांगलेला आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जातला मजकूर कुणीतरी मोठ्या अक्षरांत छापून घेतलाय. मी तो न वाचता पुढं गेले.

९ फेब्रुवारी

आज गावाची सभा होती. नवा माणूस आला की तो इथवर कसा पोचला हे त्यानं गावाला सांगायचं, अशी डॉ. ओयुगींची पद्धत. त्याशिवाय लोक शेतात आमचे माश्यांचे निळे-काळे सापळे लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मी सांगितलं. धाकटी बहीण अविनो बाराव्या वर्षी झोपेच्या आजारानं गेली, दवाखाना सापडेपर्यंत उशीर झाला, म्हणून मी या माशीच्या मागे लागले. कुठल्या वाक्याला आवंढा गिळायचा ते माझ्या घशाला आता पाठ आहे. बायका रडल्या.

इथं लिहूनच टाकते, कुणी वाचणार नाही. अविनो जिवंत आहे. उसेंगेला सरोवराच्या किनाऱ्यावर ओमेना मासळी वाळवून विकते. मी शिकावं म्हणून तिनं सातवीत शाळा सोडली. मला किड्यांचा नाद लागला तो एका मास्तरांनी भिंग हातात दिलं म्हणून, बाकी काही नाही. पण अर्जात विचारलं होतं, तुम्हाला या वाटेवर कशानं आणलं. भिंग लिहून कोण पाठवणार होतं मला परदेशी? मेलेली बहीण लिहिली. मग प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक मंचावर तेच.

पण ते सगळं परक्या भाषेत, परक्यांपुढं होतं. आज पहिल्यांदा आपल्या माणसांसमोर, आपल्या बोलीत बोलले. आणि परदेशात कुणी कधी विचारलं नाही ते गावच्या ओगाल म्हातारबाबांनी लगेच विचारलं. म्हणाले, “पोरी, पुरलंय कुठं तिला?” मी म्हटलं, झोपेतच चालत सरोवरात गेली, सापडली नाही.  मी शरमेनं मान खाली घातली, ती त्यांना दुःखाची वाटली.

१४ फेब्रुवारी

देह सापडला नाही तर आमच्यात त्याच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरतात. हातभर लांब, लहान मुलाएवढं जड. लहानपणी मी दोनदा पाहिलंय. ओगालबाबा म्हणाले, खरं तर हे तुझ्या बापाच्या घरी व्हायचं, पण तिथं आता कुणी नाही, आणि तू आमच्या गावात आलीस म्हणजे आमची झालीस. बहिणीला असं मोकळं ठेवू नये.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. काय कारण देणार?

लग्न न झालेल्या मुलीला पुरतात तसं कुंपणाबाहेर पुरलं, माशीघराच्या मागे. पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं. नाव घेऊन माती मी टाकायची, सगळ्यांत आधी. टाकली. सिप्रोजनं माझे खांदे धरले होते. तिचा प्रेमळपणा मला चटके देत होता.

१७ फेब्रुवारी

अविनोचा फोन. हसत होती. म्हणाली, “ताई, मी म्हातारी झाले बघ. काल भर दुपारी मासळी राखता राखता बसल्या जागी झोपले. अर्धी बगळ्यांनी नेली.” मीही हसले.

२१ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आता रोज झोपते. उठते तेव्हा तोंडात मातीची चव असते आणि वेणीत माती. मासळी वाळवायच्या जाळ्यावर झोपते मी, माती कुठून येणार, असं तीच विचारते. मी तिला दवाखान्यात पिटाळलं. मला माश्यांची भीती वाटली असं मी स्वतःला सांगितलं. मला माश्यांची भीती वाटली नव्हती.

२६ फेब्रुवारी

तिच्या रक्ताचा नमुना दवाखान्यातून इथं मागवला, स्वतः तपासला. तीन वेळा. रक्त स्वच्छ आहे. एकही जंतू नाही.

ती म्हणते, गिऱ्हाइकं विचित्र वागतात. ती समोर उभी असते आणि बाया हाका मारतात, अगं या मासळीची मालकीण कुठंय? तिला वाटतं चेष्टा करतात.

२ मार्च

सिप्रोजला आडून विचारलं, जिवंत माणसाच्या नावानं फळ पुरलं गेलं तर? ती पिंजरे धूत होती. म्हणाली, असं कोण करेल, डोकं फिरलंय का. मग म्हणाली, तिच्या आजीच्या वेळी एकदा झालं होतं, कुणी माणूस लढाईत मेला समजून. अशा वेळी ज्यानं मेला म्हणून सांगितलं, त्यानंच त्याच लोकांपुढं, दिवसाउजेडी, मी चुकलो म्हणायचं आणि स्वतःच्या हातांनी उकरून काढायचं. चोरून उकरलं तर ते धरलं जात नाही. मी विचारलं, आणि उशीर केला तर? तिनं खांदे उडवले. म्हणाली, उशीर कशाला करेल कुणी?

आठ तारखेला मंत्रालयाचे आणि परदेशातले पाहुणे येणार आहेत. मी बोलायचंय. खरं सांगितलं तर पदवी जाईल, नोकरी जाईल, गावकरी सापळे उपटून फेकतील आणि आमचं कुणी पुन्हा ऐकणार नाही. पाहुणे जाऊ देत. मग सांगते. सहाच दिवसांचा प्रश्न आहे.

४ मार्च

केलं. चोरून केलं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा. चोरून केलेलं धरलं जात नाही म्हणाली होती सिप्रोज, तरी वाटलं — निदान —

हातभरच खोल होतं. कापड लागलं. कापड कोरडं, पांढरंशुभ्र, जवळजवळ तीन आठवड्यांनंतर. आणि ते खालीवर होत होतं. हळू. झोपलेल्या माणसाचं होतं तसं.

तेवढ्यात रखवालदार ओकेचचा खोकला ऐकू आला, तो कुंपणाकडंच येत होता. मी माती ढकलली. दोन्ही हातांनी, भराभर, वर पाय देऊन दाबली. ओकेचनं विचारलं, काय डॉक्टरबाई? म्हटलं, फुलं लावतेय.

मी काय केलं ते मला माहीत आहे. मी तिला दुसऱ्यांदा पुरलं.

५ मार्च

अविनोचा फोन. आवाज रजईखालून आल्यासारखा. म्हणाली, काल दुपारी झोपेत कुणीतरी दार किलकिलं केलं, उजेड आला, बरं वाटलं. मग लावून घेतलं. “कोण होतं गं ताई? तुझ्यासारखं वाटलं.”

मी म्हटलं, स्वप्न असेल.

८ मार्च

पाहुणे आले. मी बोलले. सगळं तेच, शब्दन् शब्द. एवढंच नाही, त्यांना कुंपणाबाहेर नेऊन ती जागाही दाखवली. एका बाईंनी तिथं फुलं ठेवली. फोटो काढला. मी फोटोत आहे.

माझ्यासारखी नीच बाई या खोऱ्यात दुसरी नसेल.

१० मार्च

अविनो आलीय. स्वतः, न कळवता. गाडीवाल्यानं तिच्याकडं भाडं मागितलंच नाही, तिला गंमत वाटत होती. किती वाळलीय. केसांत माती.

फाटकात ओकेच तिच्या आरपार रस्त्याकडं बघत राहिला. मी तिला मिठी मारली तर मला म्हणाला, डॉक्टरबाई, उन्हात टोपी घालत जा.

तिला सगळं सांगितलं. पाय धरून सांगितलं. वाटलं, मारेल, थुंकेल. ती हसली. म्हणाली, “एवढंच? मला विचारायचंस की. मी हो म्हटलं असतं. शाळा सोडली तशी ही पण गोष्ट दिली असती तुला.” आणि बोलता बोलता झोपली.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला श्वास घेता आला असता.

११ मार्च

सकाळीच गावाला बोलावलं. सगळे आले. भर उजेडात, तिचा हात हातात धरून उभी राहिले. सांगितलं. मी खोटं बोलले. अर्जासाठी बोलले. बहीण मेली नाही, ही काय, ही माझ्याशेजारी उभी आहे, बघा —

सगळ्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग एकमेकांकडं.

ओगालबाबांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, पोरी, दुःख असं उशिरानंच चढतं. माझी बायको गेली तेव्हा मीही वर्षभर दोन ताटं वाढून घेत होतो. मी ओरडले की खरंच खोटं बोलले होते. डॉ. ओयुगी म्हणाले, नाही, अलुओच, असं कुणी खोटं रडू शकत नाही.

मी उकरायला धावले. चौघीजणींनी धरलं. दुखेल असं नाही, मायेनं धरलं. सिप्रोज रडत होती. कबरीला हात लावू देणार नाही म्हणाली, तुमच्यासाठीच म्हणतेय. अविनो मागे उभी होती. सिप्रोजचं कोपर तिच्या अंगातून —

मला खोलीत आणून ठेवलंय. बाहेर ओकेच बसलाय.

१२ मार्च

सकाळ. अविनो पलंगावर आहे. भिंतीच्या बाजूला. श्वास आहे. मोजतेय. मोठ्या अंतरानं येतो.

एकदा डोळे उघडले. म्हणाली, ताई, तू सांगितलंस ना सगळ्यांना. मी म्हटलं हो. म्हणाली, मग झालं. इतका विश्वास माझ्यावर — अजून —

दुपार. खिडकीचे गज हलत नाहीत. चमच्यानं भिंत खरवडतेय. ओकेच विनवतो, बाई, नका.

कागदावर लिहून दाराखालून सरकवलं. ती जिवंत आहे, लवकर उकरा. सही केली. सिप्रोजनं वाचलं असावं, बाहेर हुंदके ऐकू आले. दार उघडलं नाही.

चार वाजले. श्वास आहे. हात गार. वेणीतली माती ओली व्हायला लागलीय.

सिप्रोज चहा घेऊन आत आली. एकच कप. मी म्हटलं, दोन आण, ही पण घेईल. तिनं माझे केस नीट केले. म्हणाली, जरा टेकते हं तुमच्याजवळ. मी म्हटलं, तिथं नको. सिप्रोज, तिथं बसू नकोस, तिथं तिची —

ती बसली. अविनोच्या जागची चादर सपाट झाली. सिप्रोज अजून माझ्याकडं बघून हसतेय, प्रेमानं, आणि तिच्याखाली —