लाल तिला, पांढरी मला

८ एप्रिल २०१९, चारा छावणी, लिंबागणेश
पावलातून अजून पू. गायीनं पाय दिला त्याला महिना झाला! गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. गायीच्या सडात सोडायची ट्यूबही लावून झाली. छावणीत सगळ्याच बायका लावतात. गायीला चालते तर आम्हाला का नाही?
शेजारच्या दावणीच्या साखराबाईचंही तेच. तिला खुंटा लागला होता. एकमेकींच्या पट्ट्या आम्हीच बांधतो, फडकंही एकच.

११ एप्रिल
बीडला जाऊन पू तपासायला दिला.

१५ एप्रिल
रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी, बहुतेकांपुढे ‘चालत नाही’. इतक्या एकमतानं आमच्या दूध संस्थेच्या सभेतही काही नामंजूर होत नाही.
बीडचे डॉक्टर म्हणाले, “एकट्या गोळीला हा जंतू दाद देणार नाही. लाल आणि पांढरी, दोन्ही बरोबरच घ्यायच्या. लघवी लाल होईल, घाबरू नका.”
पाय राहील ना, विचारलं. “गोळ्या घेतल्या तर.”

१६ एप्रिल
साखराबाईला म्हटलं, बीडला जाऊन ये. “जनावरं कुणावर टाकू? हजेरीला दावणीपाशी माणूस न्हाई दिसलं की चारा कापतेत.” खरं आहे. माझ्यामागे नवरा तरी आहे, तिच्यामागे कोणी नाही.
टँकर निम्मा-निम्मा, पेंढी निम्मी-निम्मी — संस्थेत हा नियम मीच लावला. माझ्या पिशवीत दोन तऱ्हेच्या गोळ्या आणि तिच्या हातात ट्यूब, हे माझ्यासारख्या संस्थेच्या चेअरमनला शोभत नाही. लाल तिला दिल्या, पांढऱ्या मला ठेवल्या.
डॉक्टर दोन्ही म्हणाले होते. डॉक्टर जरा जास्तच सांगतात.

१८ एप्रिल
साखराबाई सकाळीच लंगडत आली. “विमलबाई, लाल झालं वो! रगत हाय का काय?” म्हटलं, औषध लागू पडतंय. खूश होऊन गेली. मीही खूश.

२५ एप्रिल
तिची सूज उतरली. माझी वाढली. मनात आलं — चांगली गोळी तिला गेली! लाज वाटली. पण आलं.

३० एप्रिल
बीड. डॉक्टरांनी विचारलं, “लघवी लाल होते ना?”
“नेहमीसारखीच.”
त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं सांगावं लागलं. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, “जोडी फोडली की जंतू एकेकीला पचवायला शिकतो. त्या बाईंना आजच आणा.”
मला दाखल करून घेतलं. जोडी पुन्हा सुरू. नवरा छावणीवर गेला, तिला पाठवायला आणि दोन्ही दावणी सांभाळायला.

१ मे
साखराबाई आली. पाऊल काळं पडलंय. सूज परत चढली तशी पट्टीही स्वतःच बांधायची, कोणाला सांगितलंच नव्हतं. हजेरी चुकली असती!

४ मे
दोघींचे नवे रिपोर्ट. माझ्या जंतूवर लाल गोळी अजून चालते. तिच्या जंतूवर आता चालत नाही.

१२ मे
माझी जखम भरत आली. आनंद झाला. तोंडावर दिसू दिला नाही.

१५ मे
साखराबाईचा पाय गुडघ्याखाली कापला. भेटायला गेले. माझा हात घट्ट धरून वॉर्डातल्या बायकांना सांगत होती, “ह्यांनी सोताची गोळी मला दिली, म्हनून जीव तरी वाचला.”
मी म्हटलं, असू दे बाई.