शहागडच्या चढावरची हाक

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं पुष्कळदा वाटलं, पण मनातल्या मनात बोलायला लागलं तरी शहागडच्या नदीपाशी येऊन जीभ अडते. आज घरातली सगळी शेतावर गेलीत, गुडघा धरलाय म्हणून मी एकटा मागं राहिलोय. म्हटलं, बोलता येत नाही तर लिहून बघू.

तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो तो सरकारी सायकल खांद्यावर घेऊन. नेकनूरहून बीडला तहसिलीचं टपाल पोचवायचं तात्पुरतं काम मला लागलं होतं. त्याआधी बापाची मेंढरं वळत होतो. साखळी तुटली म्हणून बिंदुसरा नदीच्या काठाकाठानं दुकान विचारत आलो. तुम्ही साखळीकडं बघितलंच नाही. माझ्या पोटऱ्यांकडं बघितलंत आणि विचारलंत, मांजरसुंब्याचा घाट चढताना खाली उतरतोस का. मी म्हणालो, उतरत न्हाई. तुम्ही आत वळून मुलाला हाक मारलीत. तो माझ्याच वयाचा, सडपातळ, हाताला काळं वंगण लागलेलं. त्याला म्हणालात, हा तुझ्यापुढं चालेल. तुम्ही तरुणपणी हैदराबादेत गोऱ्या पलटणीतल्या सायकलवाल्यांना हरवलं होतं, आणि तेव्हापासून मुलाला शर्यतीसाठी तयार करत होतात, हे मला मागाहून कळलं.

त्यानंतरची सहा वर्षं मी तुमच्या मुलाच्या पुढं वारा खात चाललो. पुढचा वारा अंगावर घेतो म्हणून मागच्याचा दम वाचतो, आणि शेवटच्या मैलात मागच्यानं सुटायचं, ही तुमची सगळी विद्या. तुमचा दुसरा नियम असा की मागच्याचं चाक गेलं तर त्यानं हाक मारायची, आणि पुढच्यानं थांबून आपलं चाक काढून द्यायचं. जालना, परभणी, अंबाजोगाई, कुठंही शर्यत असो, नाव त्याचं व्हायचं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. एकदा घाटात लोक बघत होते म्हणून मी त्याला टाकून पुढं सुटलो, तर तुम्ही माझी सायकल दुकानात कुलूप लावून ठेवलीत. सोळा मैल चालत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तसाच परत चालत आलो. आत जा, जेवून घे, एवढंच म्हणालात. अम्मीच्या चुलीपुढं मी बसलोय, ती ताटलीत खिचडी वाढतेय, वर चिंचेचा खट्टा ओततेय, आणि माझ्या फोड आलेल्या पायांकडं बघून तुम्हाला आतूनच बोल लावतेय. तुम्ही बाहेर पंप मारताय आणि ऐकू येत नसल्यासारखं करताय.

मग ती बीड ते औरंगाबादची शर्यत आली. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनी जाहीर केलं होतं की पहिला येईल त्याला सरकारी मोटारखात्यात कायमची नोकरी. शर्यतीच्या दोन दिवस आधी तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवलंत. मुलाचं लग्न झालं होतं, घरात पाळणा हलत होता. तुम्ही मला म्हणालात, "ही त्याला मिळू दे बेटा. पुढच्या साली तुझ्यासाठी मी त्याला वारा खायला लावतो." मी मान हलवली. माझं टपालाचं काम त्याच महिन्यात सुटलं होतं, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी वेगळं ठरवलं असतं, असं मला आजही वाटतं.

फाल्गुन होता. गेवराईपर्यंत आम्ही दोघंच पुढं होतो, बाकीचे अर्ध्या कोसावर. शहागडला गोदावरीत मांडीइतकं पाणी. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही पात्र ओलांडलं, पलीकडं त्यानं ओंजळीनं पाणी पिऊन माझ्याही डोक्यावर ओतलं आणि हसला. चढ सुरू झाला. अर्ध्या चढावर मागं टायर फाटल्याचा आवाज आला, आणि लगेच हाक. माझ्या नावानं. मी मान वळवून बघितलं, उस्ताद. तो खाली उतरून हात वर करून उभा होता. मी पायडल मारत राहिलो. दुसरी हाक आली, तिसरी आली. माथ्यावर पोचेपर्यंत तो हाका मारत होता, शेवटी आवाज चिरकला. माथ्यावरून उतार लागला आणि मग फक्त वारा होता. त्या उतारावर मी खूष होतो. लाज नंतर वाटली; त्या घडीला अंग पिसासारखं हलकं झालं होतं.

औरंगाबादेत तुम्ही आदल्या दिवशीच येऊन थांबला होतात. मला पहिला बघून तुमचा चेहरा गोंधळला. विचारलंत, "तो कुठाय?" मी म्हणालो, "मागं असंल. हाक आली न्हाई, उस्ताद." तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. दिवस कलताना तो बैलगाडीतून आला, फाटक्या चाकाची सायकल शेजारी आडवी. घसा इतका बसला होता की सलाम केला तो नुसता हातानं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "हाक मारायला तोंड नव्हतं का तुला?" तो माझ्याकडं बघू लागला. मी खाली वाकून बुटाचे पट्टे सोडत बसलो. मग तो फाटक्या आवाजात म्हणाला, "चुकलं, अब्बा."

नोकरी मला मिळाली. निघताना तुम्ही तुमच्या जुन्या सायकलचं कातडी सीट मला दिलंत, ज्याला तुम्ही मुलालाही हात लावू देत नव्हतात. हैदराबादेत नऊ वर्षं खात्याच्या वतीनं शर्यती मारल्या. तिथंही मी पुढं चालणाराच झालो, दुसऱ्यांसाठी वारा खाणारा. पहिला असा पुन्हा कधी आलो नाही. तीनदा हाक आल्याबरोबर उतरून चाक दिलं. लोक म्हणायचे, असा इमानी गडी न्हाई. ऐकून मला जेवण जायचं नाही. दर ईदेला तुमचं पत्र यायचं. तुम्हाला मराठी लिहिता येत नव्हतं, तुम्ही सांगायचात आणि मुलगा लिहायचा. माझ्या शागिर्दांत तूच खरा, असं तुम्ही सांगितलेलं त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं. एकाही पत्रात त्यानं स्वतःची एक ओळ घातली नाही.

तुम्ही गेल्याची तार आली, मी चौथ्या दिवशी पोचलो. अम्मी मला धरून रडली. मग तो आणि मी दुकानात बसलो. तो एका चाकाच्या तारा ओढत होता. नोकरीचं वय निघून गेलं होतं, दुकान त्याच्याच गळ्यात पडलं होतं. मी म्हणालो, त्या दिवशी शहागडला... त्यानं पुढं बोलू दिलं नाही. तारेवरची नजर न काढता म्हणाला, "राहू दे बे. अब्बाला तू लई प्यारा होतास. कशापायी मोडायचा त्यांचा भरोसा?" चहा आला, मी प्यायलो, आणि तिसऱ्या प्रहरच्या मोटारीनं परत निघालो. रस्ताभर वाटत राहिलं की त्यानं मला माफ केलं. पण मी माफी मागितली कुठं होती?

तर उस्ताद, हाक आली होती. मुलाचं काही चुकलं नव्हतं. एवढं सांगायला मला म्हातारपण लागलं. आणि सांगितलं तेही तुम्हाला, कारण तुमच्यापर्यंत हे कागद पोचणार नाहीत. तो अजून आहे. बीडलाच राहतो, इथून मोटारीनं तासाभराची वाट. त्याचा पत्ता मला तोंडपाठ आहे.