प्रभूला दारात थांबवलंय

इस्लामपूर, १९४४

योनाच्या वडिलांना लेआचा सलाम.

मागल्या सुगीपासनं तुमचं पत्र न्हाई. ब्रह्मदेशात पलटण कुठं हाय त्ये कुणी सांगत न्हाई, म्हणून हे लिवून बायबलातच ठेवते.

हितं पाळकसाहेब म्हंत्यात, ही लढाई म्हंजे शेवटच्या काळाची खूण, सैतान मोकाट सुटलाय, आता प्रभू परत येऊन आपल्या मान्सांस्नी वर न्हेणार. रोज पहाटे येशूच्या देवळात समदी मंडळी हात वर करून वरडती, "प्रभू, लवकर ये!" मी मातुर आमेन म्हणत न्हाई. मनातल्या मनात म्हणते, "प्रभू, जरा दम धर."

परवा पाळकसाहेबांच्या ध्यानात आलं. "लेआबाई, सैतानानं तुमची जीभ बांधलीया!" मग समद्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याला हाकलायला सुरुवात केली. घरी म्हस वैरणीवाचून हंबरत आसंल, अन् हितं सैतान काय निघंना. शेवटी मीच वरडले, "आवं, मालक अजून लढाईवरनं आलं न्हाईत! त्याआदी प्रभूनं मला वर नेलं, तर त्यास्नी भाकरी कोण वाढल?"

पाळकसाहेबांच्या बाईंचा थोरला तुमच्याच पलटणीत हाय न्हवं? त्या बाईच मागनं मोठ्यांदा म्हणाल्या, "आमेन!"

आता साहेब सोताच प्रार्थनेत म्हंत्यात, "प्रभू, लवकर ये, पण आमची माणसं घरला आल्यावर."

अख्ख्या मंडळीनं तुमच्यापायी प्रभूला दारात थोपवून धरलंय. त्यो तरी किती दिस उभा ऱ्हाईल? लवकर या.

हितंच असलेली,
लेआ