पाखरांच्या पाण्याची पाटी

गुरुजी,

तुमच्या नावाची पाटी मी लागू दिली नाही. शाळेच्या कडुलिंबाखाली पाखरांसाठी उथळ हौद बांधलाय. त्यावर ‘पक्षिमित्र’ म्हणून तुमचं नाव यावं असं तुमच्या लेकाच्या मनात होतं. परवा तो माझ्या ओसरीवर बसून गोड बोलला, “मावशी, दुष्काळात बाबांनीच गावाला पाखरांना पाणी ठेवायला शिकवलं. तुम्ही तर त्यांच्याच विद्यार्थिनी.” मी म्हणाले, “हाव, अडीच वर्गांची. पुढचे वर्ग का राहिले ते बाबांनी सांगितलं न्हाई का?” त्याला काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला तरी आठवत होतं का, कोण जाणे.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही त्या कडुलिंबाला फुटक्या माठाचं खापर शिंक्यात टांगलंत आणि प्रत्येकानं रोज एक पेला पाणी आणायचं, असं सांगितलंत. मला ते इतकं आवडलं होतं! माय खडी फोडायला जायची. तिच्या घागरीतून मी पेला भरून घेतला, थेंब सांडू न देता शाळेत आणला आणि दगडावर चढून माझ्या हातानं खापरात ओतला. तेवढ्यात तुम्ही आलात. मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. “तू वतायचं नसतं पोरी, तुझ्या वाटचं दुसरे आणतील,” एवढंच म्हणालात. मग ते खापर खाली उतरवून उपडं केलंत. सगळ्या वर्गाचं पाणी होतं त्यात. राखेनं घासून उन्हात ठेवायला लावलंत. आमच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेऊन सोळा वर्षं झाली होती. तुमच्या खापराला ते कळलं नव्हतं. भिजलेली माती बघता बघता वाळून जाते, आणि एक चिमणी रिकाम्या शिंक्यावर चोच वासून बसलेली आहे. मी पेला छातीशी धरून उभी आहे. संध्याकाळी मायनं ऐकलं आणि लुगड्यावरची धूळ झटकत म्हणाली, “मास्तरला म्हणावं, आता चिमणीला बी इचार, कुठं कुठं चोच बुडवून आलीस गं बाई?” सगळी वस्ती हसली. मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेले नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा माझे मालक नव्या कचेरीत शिपाई लागले. ते रद्दीतली वर्तमानपत्रं आणायचे, मी भाकरी थापता थापता अक्षरं जुळवायची. पुढं त्यांनी पाखरांच्या चित्रांचं एक पुस्तक आणून दिलं. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. पुस्तकाच्या एका पानावर त्यांच्या बोटाचा चुना लागलेला आहे. पान उलटताना मी तिथं हात लावत नाही. आता शाळेतल्या बाई मला बोलावतात. मी पोरांना सांगते, भांडं उथळ घ्या, मध्ये दगड ठेवा, म्हणजे मधमाशी बुडत नाही. पाणी रोज बदला. ज्वारी काढताना बांधाकडची एक ओळ राहू द्या. दिसलं ते पाखरू वहीत लिहा, नाव येत नसलं तर रंग लिहा. आणि दर उन्हाळ्यात पहिला पेला मी मुद्दाम आमच्या वस्तीतल्या पोरीच्या हातून ओतवते. तो सूडच आहे.

काल शाळेत बैठक झाली. मी सगळं सांगितलं, पोरांसमोर, सरपंचासमोर. तुमचा लेक हळूच म्हणाला, “मेलेल्या माणसावर कशाला राग, मावशी?” मी म्हणाले, “ते जित्ते होते तवा मी आठ वर्षांची होते, बाबा. तवा जमलं न्हाई.” पाटीचा विषय तिथंच मिटला. मला वाटलं होतं, नंतर जीवाला लागेल. नाही लागलं. एक भाकर जास्तच खाल्ली.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून राहिलेलं इथं लिहिते. बैठक उठताना एका पोरीनं विचारलं, “आज्जी, मग तुला पाखरांचा नाद कुणी लावला गं?” तुमचा लेक चपला घालता घालता थांबला. मी म्हणाले, “माझ्या मायनं.” खोटं बोलले, गुरुजी. माय खडीवरून आली की मान वर करून झाडाकडं बघायचंसुद्धा त्राण तिच्यात नसायचं. नाद तुम्ही लावलात. आणि उद्या कुणी पुन्हा विचारलं, तरी मी मायचंच नाव सांगणार आहे.