कपाबशीने पसरत नाही

धाकटे,

तुला थोरलीचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळे, कारण गरज त्यांनाच जास्त आहे. तुझ्या यजमानांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते (नसेल, तर ते अजून गच्चीवर जाऊन चोरून ओढतात आणि तुला ते कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ). हे पत्र नेहमीसारखं सुनेला वाचायला देऊ नकोस. भिंग घे, दार लाव आणि स्वतः वाच. सून गुणी आहे, पण तिचा आवाज दणदणीत आहे आणि तुमच्या भिंती पातळ.

तू दोनदा विचारलंस की मी ठरल्याप्रमाणे राहायला का आले नाही. मी पाठ दुखते म्हणून कळवलं. पाठ दुखतच होती, नाही असं नाही, पण तिच्या अंगावर मी जरा जास्तच भार टाकला. खरं असं, की मला एक आजार झाला, आणि तो सत्तरी गाठलेल्या बाईला होण्यासारखा नाही, असं इथल्या सगळ्यांचं एकमत आहे. (एरवी इथे पंखा किती वेगाने फिरावा यावरही एकमत होत नाही.)

चष्मेवाले तुला फोनवरून माहीत आहेत. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. गेल्या वर्षी आमच्या या वृद्धाश्रमात राहायला आले ते खिशात करंगळीएवढा स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी वीस जणांच्या चष्म्यांच्या दांड्या घट्ट करून दिल्या. एकट्या माझ्या चष्म्याला चार दिवस लागले. (तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं होतं, खोटं कशाला बोलू.) मग मागच्या अंगणातल्या बाकावर बसणं सुरू झालं, मग वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून घेणं, आणि मग, धाकटे, पुढचं तू समजून घे, तुला तीन मुलं आहेत. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्या लोकांच्या तारा जोडून दिल्या. या वयात कुणी माझी जोडील असं वाटलं नव्हतं. जोडली गेली, आणि मला तिची लाज वाटली नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आधी पुरळ आलं ते त्यांना, नको त्या जागी. पुरुषाची जात. त्यांनी सगळा दोष नव्या साबणाला दिला आणि गप्प बसले. दहा-बारा दिवसांनी मला कणकण आली, मग पाण्याचे बारीक फोड, आणि लघवीला गेलं की डोळ्यांतून धारा. मी व्यवस्थापिकाबाईंना सांगितलं की किडा चावला. (किडा तिथवर कसा पोचला हे विचारण्याची त्यांची छाती झाली नाही.) बुधवारी आमच्याकडे डॉक्टरीणबाई येतात, वयाने तुझ्या मधल्या मुलीएवढ्या. त्यांनी पडदा ओढला, पाहिलं, फोडातल्या पाण्याचा नमुना घेतला, आणि पुढच्या खेपेला माझ्याजवळ खुर्ची ओढून सांगितलं की हर्पिस आहे. मी विचारलं, हा तसला रोग का? त्या म्हणाल्या, हो, शरीरसंबंधातून होणारा, आणि इतका सर्रास की कितीतरी लोक तो घेऊन जन्म काढतात आणि त्यांना पत्ताही नसतो. मी म्हटलं, मग मलाच कसा लागला पत्ता? त्यावर त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

पण तपासणीचा कागद आला होता तो आधी व्यवस्थापिकाबाईंच्या टेबलावर, आणि बंद पाकीट पाहिलं की त्यांच्या बोटांना चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाच्या कानाला लाल नेलपॉलिश लागलं. मग चष्मेवाल्यांच्याही. आमच्या खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. एका संडासावर आमच्या दोघांच्या नावाची पाटी लागली. (एवढी उघड जोडी तर आमचीही जमवायची हिंमत झाली नव्हती.) मागचा बाक कसल्याशा उग्र द्रावणाने धुतला, त्याचा रंग गेला. माझ्या खोलीतल्या सोबतिणीने मागे नेलेलं पेन कागदात गुंडाळून परत आणलं, आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवलं. सहा वर्षं आम्ही शेजारी झोपत होतो. तिला रात्री दचकून जाग आली की माझा हात धरायची.

हे सगळं बघून डॉक्टरीणबाई भडकल्या. त्यांनी जेवणघरात सगळ्यांना बसवलं आणि कुणाचं नाव न घेता सांगितलं. (नाव घेण्याची गरजच नव्हती, भिंतीकडेला आम्ही दोघंच होतो.) म्हणाल्या, हा आजार कपाबशीने पसरत नाही, टॉवेल-साबणाने नाही, संडासाच्या बैठकीने नाही, शेजारी बसल्याने नाही. कातडीला कातडी लागून पसरतो, शरीरसंबंधातून. तोंडाजवळ फोड असतील तर मुका घेतल्यानेही. फोड दिसत नसले तरी कधीकधी लागतो. निरोधने धोका कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही. एकदा अंगात आला की मज्जातंतूंत दडून राहतो. गोळ्यांनी नमतो, पण घर सोडत नाही. निरोध हा शब्द ऐकून पुढच्या रांगेत ठसका लागला. आमच्या जेवणघरात तोवर सगळ्यांत धीट शब्द म्हणजे बद्धकोष्ठ. गणिताच्या मास्तरांनी हात वर करून विचारलं, वर्तमानपत्रातून येतो का? नाही. आणि शब्दकोड्याच्या पेन्सिलीतून? नाही. मास्तर जरा हिरमुसले, कारण त्यांनी दोन्ही जाळून टाकलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझा लाल कानाचा कप उचलला, त्यात चहा ओतून घेतला आणि सगळ्यांसमोर प्यायल्या. मला वाटलं, झालं, आता मिटलं.

मिटलं नाही. व्यवस्थापिकाबाईंनी आधीच चष्मेवाल्यांच्या मुलाला फोन केला होता. रविवारी तो टॅक्सी घेऊन आला आणि पार्सल उचलावं तसा बापाला घेऊन गेला. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. फाटकापाशी चष्मेवाले थांबले, मागे वळून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “माझ्यामुळे झालं तुम्हाला. माफ करा.” तीस वर्षं मी दिवसाला हजार वेळा ‘बोला’ म्हटलं असेल. तेव्हा मला एक अक्षर सुचलं नाही. टॅक्सी गेली.

पुढच्या बुधवारी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की हे चष्मेवाल्यांकडूनच आलं ना? त्या म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. आधी कुणाला फोड आले यावरूनही ठरत नाही. काहींच्या अंगात हा वीस-तीस वर्षं निजून असतो आणि म्हातारपणी जागा होतो. हे ऐकलं आणि मला एकदम तुझे भावोजी आठवले. फिरतीची नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. तुला सांगितलं नव्हतं कधी, पण वर्षातून दोन-तीनदा ते पावडरचा डबा घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायचे आणि म्हणायचे, घामोळं आलंय, जवळ येऊ नकोस. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मी हसायचे, म्हणायचे, तुमचं घामोळं कॅलेंडर बघत नाही. आता वाटतं, त्यांना माहीत होतं. सांगितलं नाही म्हणून रागवावं, की जपलं म्हणून रडावं, ते मला ठरवता येत नाही. कदाचित ते खरंच घामोळं असेल. विचारायला माणूस नाही.

असो. माझी तब्येत आता उत्तम आहे. गोळ्या लागू पडल्या, फोड सुकले. सोबतीण पुन्हा बोलायला लागली आहे, सध्या फक्त हवामानाबद्दल. चष्मेवाल्यांची आठवण वगैरे येत नाही. या वयात माणसं येतात आणि जातात, त्यात जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे? तुझ्या गुडघ्यांना गरम पिशवीचा शेक देत जा.

तुझी,
थोरली

ता. क. चष्मेवाल्यांच्या मुलाचं घर तुमच्या पोस्टामागच्या गल्लीत आहे, दवाखान्यावरचा मजला. (म्हणूनच मी तुझ्याकडे आले नाही, पाठीचं सोड.) तुझे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, जिना चढायचा आहे हेही. तरी जा. त्यांना सांग की आजार आमच्या घरातला होता, जुना, भावोजींच्या वेळचा. डॉक्टरांनी पक्कं सांगितलं म्हणून सांग. पक्कं कुणी सांगितलेलं नाही, पण तो माणूस कुढत बसेल, आणि भावोजींना आता काही फरक पडत नाही.

ता. क. दुसरा. वर पार्सलसारखं नेलं असं लिहिलंय, ते खोटं आहे. मुलगा सभ्य होता. आधी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाबा म्हणतात, तुम्ही थांबा म्हणालात तर ते थांबतील. माझी हरकत नाही.” व्हरांड्यात वीस माणसं उभी होती. मी म्हटलं, “खुशाल न्या. आमचा काही संबंध नाही.” मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ते दारातच उभे होते, धाकटे. ते ऐकून मग त्यांनी माझी माफी मागितली. तेव्हा आधी माझ्या वतीने माफी माग, आजाराचं नंतर सांग. त्यांची खोली शुक्रवारपर्यंत रिकामी आहे.