पडद्याची मागची बाजू

रवि. ९ नोव्हें.
आणि वर मलाच म्हणतात, आई, तुला कळत नाही. काय कळायचंय त्या पिक्चरात? एक माणूस अख्ख्या गावाला मारतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. गाड्या उडतात, तो मागं वळून बघत पण नाही. आमच्याकडं कुकरची शिट्टी जोरात झाली तरी माणूस वळून बघतो. डोकं अजून ठणकतंय. आवाजानं खुर्चीसुद्धा हलत होती. एवढे पैसे घालून बादलीभर लाह्या, त्यापण खारट.
लोक शिट्ट्या मारत होते. सूनबाई स्नेहा पण. एरवी गरीब गाय.
बाहेर आल्यावर नितीननं विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "गिरणीत पण एवढाच आवाज असतो. तिथं निदान पीठ तरी मिळतं." पोराचं तोंड उतरलं. आठ दिवस आधी तिकिटं काढून ठेवली होती त्यानं. असूदे. विचारायचं नव्हतं मग.
हे काय म्हणाले? "छान होता."
आम्हाला खडकीला घरी सोडून दोघं आपल्या घरी गेले.
यांचा "छान होता" मला नवीन आहे. लग्न झाल्यापासून या माणसानं एकाही पिक्चरला छान म्हटलेलं नाही.

सोम. १०
लहानपणची मैत्रीण रेहाना माझ्याकडं ब्लाउजला हूक लावून घ्यायला आली. तिनं पण बघितला, लेकीबरोबर. "मंदा, काय मारतो गं तो!" म्हटलं, तू पण? मग विचारलं, "कुठल्या हातानं मारतो?" हसता हसता तिनं धरलेल्या टाचण्या खाली पडल्या. शोधत बसलो दोघी.
लहानपणी जयंतीला विहारापुढं पिक्चरचा पडदा लागायचा. पडदा कसला, दोन बांबूंना बांधलेलं धोतर. पुढं पुरुष, मागं आम्ही बायका-पोरं. मागून सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी. आम्हाला वाचता कुठं येत होतं, सुलटी असती तरी काय. हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं ठोसा मारायचा. आम्हाला वाटायचं हिरो लोक डावखुरेच असतात. गल्लीतली सगळी पोरं डाव्या हातानं मारामारी करायची. रेहानाचा भाऊ डाव्या हातानं जेवायला बसला, तर त्याच्या अम्मीनं पाठीत धपाटा घातला. तो म्हणे, हिरो जेवतो ना!
वारा आला की पडदा फुगायचा आणि हिरोला पोट सुटायचं. तेव्हा पण आम्ही शिट्ट्याच मारायचो. म्हणजे मला मारामारी आवडत नाही असं नाही. उगाच कोणी म्हणू नये.

मंगळ. ११
नितीन आला रात्री जेवायला. पिक्चरचा विषय नाही. मोबाइलवर फ्लॅटचे फोटो. खराडीला, त्याच्या ऑफिसजवळ. आत्ता दोघं भाड्यानं राहतात तिथून जवळच. म्हणतो, या दोन खोल्या विकू, त्यात माझं कर्ज घालू, मोठा घेऊ, सगळे एकत्र राहू. २३ तारखेला रविवारी बिल्डरला टोकन द्यायचं. बोलतो चांगलं. यांना फोटो दाखवत होता, बोटानं पुढं पुढं सरकवत.
"बाबा, काय वाटतं?"
हे म्हणाले, "छान आहे."
झालं. वडील हो म्हणाले.
भांडी घासताना तोच सूर कानात. रविवारी होता तोच.

बुध. १२
झोप नाही नीट. म्हणून लिहिते.
हे बघायला आले होते मला तेव्हाचं. आमचे बाबा म्हणाले, पाहुणे, आवड काय तुम्हाला? हे म्हणाले, सिनेमा. आणि लगेच आमच्या विहारापुढं बघितलेला जयंतीचा पिक्चर सांगायला लागले. हिरोनं उजव्या हातानं असा ठोसा दिला, म्हणून हात करून दाखवला. मी पोह्यांच्या बशा घेऊन येत होते. तोंडातून गेलं, "डाव्या." आई डोळे वटारते. हे म्हणतात, "उजव्या. मी पुढंच बसलो होतो." मी म्हटलं, "मी पण होते. डाव्या." मामा म्हणाले, हे स्थळ गेलं.
दुसऱ्या दिवशी यांच्याकडून निरोप आला, पसंत आहे. भांडायला माणूस पाहिजेच होतं म्हणे.
लग्नानंतरच्या जयंतीला हे पुढं बसले नाहीत. उठून आमच्याकडं मागं आले, सगळ्या बायकांत एकटा पुरुष. बायका पदर तोंडाला लावून हसतात. सासूबाईंनी लाजून मान खाली घातली. हे मांडी घालून अख्खा पिक्चर बघत बसले. घरी जाताना म्हणाले, "डावाच आहे गं."
पुढं टॉकीजला जायचो तेव्हाही तेच. सुटल्यापासून घरापर्यंत वाद. एकदा वादात बसचा स्टॉप गेला, पाय तुटेस्तोवर चालत आलो, तरी वाद संपला नव्हता.
आणि आता "छान होता".

शुक्र. १४
रविवारचा यांचा शर्ट आज भिजवायला घेतला. खिशात कडक काहीतरी. रुमालात गुंडाळलेलं कानाचं मशीन! रिटायर झाल्यापासून यांना कमी ऐकू येतं, नितीननंच घेऊन दिलंय. मी रोज विचारते मशीन कुठंय, तर डबीत आहे म्हणतात. डबी रिकामी.
कानापाशी जाऊन विचारलं, "पिक्चर कसा बघितलात?"
"अगं, फार आवाज होता. काढून ठेवलं. बघितला की."
"मग छान काय होतं त्यात?"
"नितीन खूश होता. ते छान होतं."
आधी हसायला आलं. माझ्यासारखाच वैतागला होता की बाबा! पाठीत एक गुद्दा घातला.
दुपारी शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होते. एकदम पाय थांबला. म्हणजे मंगळवारी पण मशीन खिशातच होतं.
फ्लॅटचं त्यांनी काहीच ऐकलं नाही. फोटो बघितले आणि पोराचा चेहरा बघितला.

रवि. १६
नितीनला बोलावून सांगितलं, टोकन देऊ नकोस अजून. बाबांनी ऐकलेलं नाही. तो चिडला. "ऐकलं नाही कसं? हो म्हणाले ना माझ्यासमोर! आई, तुला पिक्चर आवडला नाही, फ्लॅट आवडत नाही. तुला आवडतं तरी काय?"
मी कुकर लावायला उठले. स्नेहा त्याला म्हणाली, अहो हळू बोला.
खरं सांगायचं तर फ्लॅट वाईट नाही. लिफ्ट आहे. पाणी दिवसभर. इथं पावसाळ्यात छत गळतं तर मीच बादल्या लावते. पोरगा रोज वाट बघेल असं घर कोणाला नकोय?
पण हे सकाळी स्टेशनाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. चार जुने दोस्त. ऐकू येत नाही, तरी बसतात, ते हसले की हसतात. तिकडं खराडीला कोणाकडं बघून हसणार?
जायचं की नाही ते मी ठरवायचं नाही. नितीननं पण नाही. आणि यांनी पोराचं तोंड बघून तर नाहीच नाही.

मंगळ. १८
मशीनला नवीन सेल आणले. सकाळी चहाच्या बशीत बिस्किटाऐवजी मशीन ठेवलं. हे बघतच राहिले. घातलं.
मग सगळं सांगितलं. खोल्या विकायच्या, कर्ज, खराडी, टोकन. सगळं. चहा गार झाला. हे ऐकत होते, यावेळी खरंच ऐकत होते, मधे दोनदा "परत सांग" म्हणाले.
म्हटलं, "आता बोला."
हे खिडकीबाहेर बघत, "बघू."
बघू नाही. अहो, तुमच्यासारखा माणूस नव्हता. माझ्या बापासमोर माझ्याशी भांडलात. बायकांत येऊन बसलात, मला खोटं पाडायला नव्हे, मला काय दिसतं ते बघायला. आता मी येते तुमच्या बाजूला. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. जायचं म्हणालात तर उद्या भांडी बांधायला घेते, डोळ्यात पाणी आणणार नाही. नाही म्हणालात तर नितीनला मी सांगते, तुम्हाला पुढं करणार नाही. तोंडावर सांगितलंय हे, आणि इथं लिहून ठेवलंय, म्हणजे मलाच नंतर दया यायला नको.
शनिवारी संध्याकाळच्या चहापर्यंत. मशीन कानात घालून. डावा की उजवा, एक काय ते सांगायचं.
"छान आहे" चालणार नाही.